धाकू तांडेलचा खोका

बाने पुठ्ठ्याच्या पेटीला नाक लावलं. झाकण उचलून आतही हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं.

"वासच नाय गो हंशे याला."

"लसीला वास नसतो, बा."

"मग ताजी का शिळी, कळायचं कसं?"

"थंड राहिली की ताजी. ऊन लागलं की मेली."

"थंडीचं मला शिकवतेस?" तो म्हणाला, आणि धक्क्यावरचे दोघेतिघे हसले.

हसले, कारण मुरसई बंदरात बाची, म्हणजे धाकू तांडेलची, सुरमई दगडासारखी वाजते, असं बोललं जायचं. मुंबईचा व्यापारी ती बोटाने ठोकून बघायचा आणि मग बाकीच्यांकडे वळायचा. तो मासा कसा भरतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आईलाही नव्हतं. भरताना तो होडीच्या मागच्या बाजूला शीड आडवं टाकायचा आणि त्याआड एकटा बसायचा. विचारलं की म्हणायचा, ती माझी इद्या हाय.

त्या दिवशीही शीड आडवं झालं. लसीच्या पेट्या प्लास्टिकात गुंडाळून त्याने आपल्या धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या मासळीच्या खोक्यात घातल्या. लसीसाठी म्हणून मुंबईहून यायचे डबे आलेच नव्हते. बर्फ त्याचा, होडी त्याची, वल्हवायचे हातही त्याचेच. आम्ही काही देऊ केलं तर त्याने तोंड फिरवलं.

तांडेलचा खोका म्हणजे लोखंडी कपाट, असं रेगेबाई म्हणाल्या. त्या आमच्या मोठ्या डॉक्टर. बा खूश झाला, पण दाखवलं नाही.

*

लस कुठली, ते सांगायला हवं.

मुरसईत माशाच्या तेलाचा एक बंद पडलेला कारखाना होता. डॉ. मनोरमा रेगे मुंबईतली चांगली नोकरी सोडून आल्या आणि सरकारकडे खेटे घालून त्यांनी तिथे लस बनवायचं लहानसं केंद्र उभं केलं. त्रिगुणी लस. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात. कितीही धुतलं तरी भिंतींचा वास गेला नाही. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. रेगेबाई म्हणायच्या, इथे ज्याला वास येतो तो बाहेरचा.

मी तिथे बाटल्या भरायला लागले. पुढे मोजमापं शिकले, मग तपासण्या.

मुंबईची लस नव्हती का? होती. मुंबईला. आमच्याकडे यायची ती यष्टीच्या टपावरून, किंवा पावसाळ्यात लाँच बंद झाली की यायचीच नाही. खाडीच्या मुखापलीकडे आमचं मूळ गाव, आडबेट. आईबा आणि मी मुरसईत राहायला आलो तरी मोठा भाऊ तिथेच होता. तिथे तर कोरड्या दिवसांतही कधी आली नव्हती. घटसर्प मात्र दर थोड्या वर्षांनी यायचा. माझा धाकटा भाऊ त्यातच गेला. तेव्हा बा मासळी घेऊन मुंबईला गेला होता. परतला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याने होडी ओढून वर घेतली, उलटी घातली आणि तिच्या सावलीत बसून राहिला, एवढं मला आठवतं.

म्हणून रेगेबाईंनी पहिला माल आडबेटलाच जाईल असं ठरवलं, तेव्हा कोण नेणार हा प्रश्न कुणी विचारला नाही.

*

नियम सोपे होते. आम्ही ते सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगायचो. ऊन लागू देऊ नका. खोका सावलीत ठेवा. आडबेटला पोचला की दुसऱ्या दिवशी सकाळी टोचणी सुरू होईपर्यंत झाकण उघडू नका, थंडी निघून जाते.

नर्सबाई झाकणावर पोतं टाकून ठेवायच्या. सकाळी उघडलं की बर्फाचं पाणी झालेलं असायचं, पण हात बधिर करणारं गार.

पहिल्या टोचणीला आडबेटच्या बायका पोरं लपवत होत्या. कुणी म्हणालं, माशाच्या तेलाच्या कारखान्यातली लस, पोरांच्या अंगाला खवले येतील. बाने आपल्या नातीला उचललं, माझ्या मोठ्या भावाची मुलगी, शेवंती, आणि नर्सबाईंसमोर मांडीवर घेऊन बसला. शेवू रडली. मग त्याच्या हनुवटीला चापट मारली. सगळे हसले आणि रांग लागली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या टोचणीलाही तोच घेऊन बसला. शेवूच्या आईला, मथुरावहिनीला, सुई बघवायची नाही.

*

श्रावणात आडबेटला घटसर्प आला.

*

शेवूचा घसा.

वहिनी म्हणत होती, हिला काही होणार नाही, हिला तर टोचलंय.

बा मुरसईहून होडी काढत होता आणि समुद्र काढू देत नव्हता.

रेगेबाईंनी मुंबईला तारा केल्या, औषध पाठवा म्हणून. आलं. उशिरा आलं.

मानेला सूज. श्वास ओढतानाचा तो आवाज, करवतीसारखा. वहिनी ओटीवर बसून सांगत होती, अहो टोचलंय हिला, तीनदा टोचलंय. ऐकणारं कुणी नव्हतं. सगळे आपापल्या घरात आपापल्या पोरांजवळ बसले होते.

शेवू गेली. तिच्यामागून शेजारच्या दोन घरांतलं एकेक पोर गेलं.

सगळ्यांना टोचलेलं होतं.

*

समुद्र उतरल्यावर रेगेबाई आमच्याबरोबर आडबेटला आल्या. त्या घराघरांत जाऊन बसल्या. कुणी त्यांना शिव्या दिल्या, कुणी पाणी दिलं. वहिनीने दोन्ही केलं नाही. ती फक्त म्हणाली, "बाई, तुम्ही पाणी टोचलंत का आमच्या पोरांना?"

रेगेबाईंनी नर्सबाईंकडून उरलेल्या बाटल्या मागून घेतल्या आणि आम्ही होडीत बसलो. बा सुकाणूला, मी मधे, रेगेबाई पुढे. त्यांनी पर्समधून आमच्या केंद्रातली एक बाटली काढली. त्याच खेपेची, आमच्या फ्रिजमध्ये राहिलेली. आडबेटची एक दुसऱ्या हातात घेतली. दोन्ही हलवल्या आणि समोर धरल्या.

केंद्रातली दुधासारखी राहिली. आडबेटची बघता बघता निवळली. वर स्वच्छ पाणी, तळाशी पेजेसारखा गाळ.

"गोठली होती," रेगेबाई म्हणाल्या. "एकदा गोठली की हिच्यातला जोर जातो. मग ती टोचली काय, न टोचली काय."

मी म्हटलं, आडबेटला तर फ्रिजसुद्धा नाही. गोठेल कशाने?

"तेच. बर्फाने लस थंड होते, गोठत नाही. म्हणजे आमच्याकडेच झालं. शीतघराचं यंत्र बिघडलं असणार आणि आम्हाला कळलं नसणार. आडबेटच्या पेट्या ज्या फळीवर होत्या, तिथेच."

त्या मोठ्याने विचार करत होत्या. मग मागून बाचा आवाज आला.

"बाय, थंडीनं मरते ही?"

"फार थंडीनं, तांडेल."

"साध्या बर्फानं नाय?"

"नाही. साध्या बर्फानं नाही."

मुरसईचा धक्का आला आणि होडी त्याच्या पुढे निघून गेली. धाकू तांडेलचा धक्का चुकला, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. लोक वरून ओरडले तेव्हा त्याने होडी वळवली. मला वाटलं, नातीचं दुःख. रेगेबाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण उतरताना त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला. त्याने खांदा काढून घेतला.

*

मुंबईहून हुकूम आला. उत्पादन बंद. चौकशी होईल, आणि दोष केंद्राचा निघाला तर टाळं कायमचं.

गावाने तोवर निकाल लावलाच होता. बाजारात मला बघून एक बाई दुसरीला म्हणाली, ही बघ, घरगुती लसवाली. पापड-लोणच्यासारखं घरी करतात. वर्तमानपत्रातही तसंच काहीसं आलं. असल्या गोष्टी मोठ्या कंपन्यांनी कराव्यात, असं कुणीतरी लिहिलं होतं. मोठ्या कंपन्यांची लस आडबेटला कोण नेणार, हे त्याने लिहिलं नव्हतं.

मी रेगेबाईंना म्हटलं, यंत्र नीट आहे. मी स्वतः रोज बघते. त्या म्हणाल्या, "मग दुसरं कारण दे. तीन पोरं गेली, हंसा. मला कारण नाही म्हणून मी हात वर करू? मी सांगणार, दोष आमचा."

"मग बंद होईल."

"हो."

"आणि पुढल्या पावसाळ्यात?"

त्या खिडकीशी गेल्या आणि ती लावून घेतली, जणू गार वारं येत होतं.

हे मी घरी येऊन आईला सांगत होते. बा जाळं विणत बसला होता. दोषाचं ऐकलं, बंद होण्याचं ऐकलं, पुढच्या पावसाळ्याचंही ऐकलं. त्याने वर बघितलं नाही. मग उठून चपला घातल्या आणि बाहेर गेला. जाळं तिथेच पडलेलं राहिलं.

*

चौकशी कारखान्याच्या मोठ्या खोलीत झाली. मुंबईहून डॉ. साठ्ये आले होते. शांत माणूस, त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही. आडबेटची माणसं एका बाजूला बाकांवर बसली होती. वहिनी पहिल्याच बाकावर होती, शेवूचं दुपटं मांडीवर घेऊन. ते तिने का आणलं होतं, कुणी विचारलं नाही.

रेगेबाई बोलल्या. दोष आमचा, यंत्राचा असावा, जबाबदारी माझी. त्या आणखी काही बोलणार होत्या, पण खाली बसल्या.

साठ्येंनी रीत म्हणून विचारलं, वाहतूक कुणी केली?

बा उठला. डोक्यावरची टोपी काढली.

"मी केली साहेब. धाकू तांडेल. माझ्या खोक्यातनं नेलेलं काय पण खराब होत नाय, बंदरात कुणालाही इचारा."

"बर्फात नेलीत ना?"

"नुसत्या बर्फात?" तो हसला. मोठ्याने हसला. "साहेब, नुसत्या बर्फात कुणीपण नेतो. मी बर्फात मीठ मारतो. सुरमईला मारतो तसंच, मूठ मूठ, थरावर थर. मासा वाजतो माझा. तुमच्या मुंबईला नसल एवढी थंडी माझ्या खोक्यात हाय."

साठ्येंनी पेन खाली ठेवलं.

"दर खेपेला?"

"दर खेपेला. बाईंना नका इचारू, त्यांना ठाव नाय. माझ्या पोरीला पण नाय. ही माझी इद्या हाय."

साहेब समोर होते, पण बा भलतीकडेच बघून बोलत होता. मला वाटलं, मोठ्या माणसांपुढे भांबावलाय.

मग साठ्येंनी सगळ्यांना समजेल असं सांगितलं. मीठ घातलं की बर्फ आहे त्याहून कितीतरी थंड होतो. कुल्फी त्यावरच जमते. लसही जमली. ज्या थंडीत मासा टिकतो, त्या थंडीत ही लस मरते. ते हे सगळं हळू आवाजात सांगत होते. त्यांना ते सांगायला आवडत नव्हतं, हे दिसत होतं.

"म्हंजे?" बाने विचारलं.

वहिनी उठली. तिने दुपट्याची घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली आणि बाहेर निघून गेली. माझा भाऊ तिच्या मागून गेला.

*

केंद्र वाचलं. यंत्रात दोष नव्हता, लसीत नव्हता. साठ्येंनी तसं लिहिलं, शिवाय इतकंही लिहिलं की गोठू देऊ नका हे कुणी नेणाऱ्याला सांगितलंच नव्हतं. रेगेबाईंनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. "आपण शंभरदा थंड ठेवा म्हटलं," त्या म्हणाल्या. "एवढ्या उकाड्याच्या मुलखात गोठेल असं कुणाच्या डोक्यात येणार?"

वहिनी माहेरी गेली. भाऊही काही दिवसांनी तिकडेच गेला आणि तिथल्याच होडीवर लागला. आडबेटच्या लोकांनी आपली मासळी बाच्या होडीत भरणं बंद केलं. कुणी भांडलं नाही, दगड मारला नाही. तो येताना दिसला की बायका पोरांना आत बोलवायच्या.

मी बाशी बोलत नव्हते. एकदाच बोलले.

"कुणी तुझं कौतुक मागितलं होतं, बा? माझी इद्या, माझी इद्या. वहिनीच्या तोंडावर. सगळ्या गावापुढे फुशारकी."

"खरं होतं ते सांगितलं."

"एकटं गाठून सांगता आलं नसतं साहेबांना?"

तो जाळ्याची गाठ ओढत होता. गाठ ओढली, दाताने दोरा तोडला. आई आतून म्हणाली, गप बस गो आता.

*

उत्पादन पुन्हा सुरू झालं. नवा माल तपासून आडबेटला निघायची वेळ आली, तेव्हा रेगेबाईंनी मला सांगितलं, तांडेलला विचार, नेतील का. मी म्हटलं, त्यालाच का? त्या म्हणाल्या, "पुन्हा चूक होणार नाही असा या बंदरात तोच एक माणूस आहे."

मी विचारायच्या आधीच तो धक्क्यावर उभा होता. पायाशी नवा खोका. फणसाच्या लाकडाचा, मधे उभी फळी. एका बाजूला बर्फाची जागा, दुसऱ्या बाजूला लसीची, आणि फळीला भाताच्या तुसाची जाड गादी शिवलेली. बर्फ लसीला शिवणारच नाही असा. शीड आडवं नव्हतं. सगळ्यांना दिसेल असं त्याने बर्फ भरला, हाताचे पंजे उलटेसुलटे करून रेगेबाईंना दाखवले आणि झाकण लावलं.

होडी गेली. मी परत फिरले तर वासू मेस्त्री भेटला, बंदरावरचा सुतार. तो खोक्याकडे, म्हणजे होडी गेली त्या दिशेला, बघत होता.

"जमलाय ना गो? तुझ्या बापसानं जीव खाल्ला माझा. फळी दोनदा बदलायला लावली. तूस मी कशाला घालू, मी सुतार, तर म्हणे घाल. आणि घाई तरी किती."

"आता साहेबांनी समजावल्यावर त्याला पटलं असेल," मी म्हटलं.

"कुठला साहेब?" मेस्त्री म्हणाला. "मुंबईवाले यायच्या आधीच तयार पायजे म्हणून बसला होता. मी दिलापण आधी. त्यानं नेऊन होडीखाली झाकून ठेवला. म्हणाला, एवढ्यात कुणाला बोलू नको."

*

पुन्हा.

मोठी खोली. आडबेटची माणसं एका बाजूला बाकांवर. वहिनी पहिल्या बाकावर, मांडीवर दुपटं.

रेगेबाई बोलतात. दोष आमचा. खाली बसतात.

वाहतूक कुणी केली?

बा उठतो. टोपी काढतो. नवा खोका तेव्हा होडीखाली झाकलेला आहे. होडीतल्या दोन बाटल्या त्याने पाहिलेल्या आहेत. साध्या बर्फानं नाय, हे त्याने विचारून घेतलेलं आहे. साधा हा शब्द रेगेबाईंचा नव्हता, त्याचा होता.

नुसत्या बर्फात? तो हसतो. मोठ्याने हसतो. कुणाला दया येऊ नये म्हणून.

मी बर्फात मीठ मारतो. मूठ मूठ, थरावर थर.

बाईंना ठाव नाय. माझ्या पोरीला पण नाय.

साठ्येंचं सांगून होतं. म्हंजे, तो विचारतो. ज्याला सगळ्यात आधी कळलं, तो विचारतो.

वहिनी उठते. ती बाहेर जाईपर्यंत तो उभाच असतो, टोपी हातात.

*

आता खाडीवर पूल आहे. केंद्र त्यानंतर बरीच वर्षं चाललं आणि मग बंदच झालं. त्याची कारणं वेगळी, ती इथे नकोत. आडबेटला मात्र घटसर्प पुन्हा आला नाही. बा जाईपर्यंत लस त्याच्याच होडीतून गेली. तो होडीतून उतरायचा नाही. नर्सबाई पाण्यात येऊन खोका घ्यायच्या. वहिनी त्याच्याशी कधीच बोलली नाही, आणि मेस्त्रीचं बोलणं मी तिला कधी सांगितलं नाही. एकदा बाला म्हटलं होतं, सांगू का? तो म्हणाला, नको. कळून पोरगी परत येत नाय तिची.

एक मात्र माझं त्याला विचारायचं राहिलं, आणि आता विचारायची गरज नाही. त्या दिवशी साहेब समोर बसले होते, तरी तो भलतीकडे बघून का बोलत होता.

भलतीकडे नव्हे. पहिल्या बाकाकडे. मीठ मारतो म्हणाला, मूठ मूठ म्हणाला, ते सगळं त्याने तिलाच सांगितलं.